ग्राफिक्स कार्डाचा ताप आणि पंख्याचे गणित

आपल्या घरांतून आणि पेढ्यांवरून आता दोन प्रकारचे संगणक दिसतात. पहिला गल्ल्याजवळचा. त्यावर बिले निघतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात आणि तो दिवसभर चालू असला तरी त्याचा आवाज कोणाच्या कानावर येत नाही. दुसरा आतल्या खोलीतला. त्यावर दागिन्यांची डिझाइन्स तयार होतात, लग्नाच्या चित्रफितींचे संकलन होते, स्थापत्यशास्त्र शिकणारी नात इमारतींची त्रिमिती चित्रे काढते आणि रात्री नातू खेळ खेळतो. हा दुसरा संगणक घोंघावतो. उन्हाळ्यात तो काही वेळा अकस्मात बंदही पडतो. मग दुरुस्ती करणारा येतो, "ग्राफिक्स कार्ड गेले" असे सांगतो आणि चाळीस-पन्नास हजारांचा खर्च समोर उभा राहतो. यातील पुष्कळसा खर्च टाळता येण्याजोगा असतो, असे माझे मत आहे. ते मी येथे आकड्यांनिशी मांडतो.

ग्राफिक्स कार्ड म्हणजे संगणकातील चित्रांचा स्वतंत्र कारखाना. पडद्यावरील लाखो ठिपक्यांचा रंग आणि प्रकाश यांची आकडेमोड तो एकाच वेळी करतो. एनव्हिडिया कंपनीने १९९९ मध्ये 'जीफोर्स २५६' हे कार्ड बाजारात आणले, तेव्हापासून 'जीपीयू' हा शब्द रूढ झाला. तेव्हाच्या आणि आजच्या कार्डांत फरक अनेक आहेत. पण वीजबिल भरणाऱ्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक विजेचा आहे. आज मध्यम दर्जाचे 'आरटीएक्स ४०६०' हे कार्ड ११५ वॅटपर्यंत वीज घेते, 'आरटीएक्स ३०६०' १७० वॅट घेते, तर 'आरटीएक्स ४०९०' पूर्ण भारावर ४५० वॅट घेते. छताचा साधा पंखा ७५ वॅटचा धरला, तर हे शेवटचे कार्ड म्हणजे सहा पंखे झाले. पंख्याची वीज निदान वारा तरी देते. कार्डाची वीज आकडेमोड करून झाल्यावर सारीच्या सारी उष्णता होऊन बाहेर पडते. तिचा दुसरा कोणताही शेवट नाही.

शिवाय ही उष्णता निर्माण होते ती जागा अगदी लहान असते. '४०९०' कार्डाच्या मुख्य चिपचे क्षेत्रफळ सुमारे सहा चौरस सेंटीमीटर आहे. घरच्या हजार वॅटच्या इस्त्रीचा तळ दोनशे चौरस सेंटीमीटरचा धरला, तर दर चौरस सेंटीमीटरला पाच वॅट पडतात. या चिपच्या बाबतीत, कार्डावरील स्मृती आणि इतर भागांचा वाटा वजा केला तरी, तोच आकडा पन्नासच्या वर जातो. इस्त्री कापडावर क्षणभर विसरली तर काय होते, हे कापडवाल्यांना सांगायला नको.

म्हणून ही उष्णता साठू न देता पुढे पाठवत राहावी लागते. चिपवर एक मऊ लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. लेपातून उष्णता तांब्याच्या पट्टीत जाते. पट्टीतून हीट पाइप नावाच्या बंद नळ्यांमध्ये, नळ्यांतून ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांमध्ये, पात्यांतून कार्डाच्या पंख्यांनी ढकललेल्या हवेत, त्या हवेतून कॅबिनेटबाहेर आणि शेवटी खोलीत. जुन्या काळी हुंडी जशी एका पेढीवरून दुसऱ्या पेढीवर जात असे, तसाच हा प्रवास आहे. मधल्या एकाने जरी ती नाकारली, तरी मूळ धनको अडकतो. या साखळीतील एखादा दुवा कारखान्यातच कच्चा राहू शकतो. एएमडी कंपनीच्या 'आरएक्स ७९०० एक्सटीएक्स' या कार्डांबाबत असे घडले. डिसेंबर २०२२ मध्ये ती विक्रीस आली आणि काही कार्डे ११० अंशांपर्यंत तापू लागली. त्यांच्या उष्णतावाहक बंद कक्षात पाणीच कमी भरले गेले होते, हे कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये मान्य केले आणि ती कार्डे बदलून दिली. मात्र असे प्रसंग विरळा. बहुतेक ठिकाणी साखळी तुटते ती शेवटच्या दोन दुव्यांत, म्हणजे कॅबिनेटमध्ये आणि खोलीत. आणि ते दोन्ही आपल्याच हातात असतात.

आता तापमान किती असावे? एनव्हिडियाने '३०६०' साठी कमाल मर्यादा ९३ अंश सेल्सिअस दिली आहे, तर '४०९०' साठी ९०. पूर्ण भारावर ६५ ते ७५ अंश असल्यास कार्ड सुखात आहे असे समजावे. ८० ते ८५ चालू शकते. त्यापुढे लक्ष द्यावे. मर्यादा गाठताच कार्ड लगेच जळत नाही. ते स्वतःची गती कमी करून ताप उतरवू पाहते. त्यामुळे पहिले लक्षण बहुधा धूर किंवा वास हे नसते. काम रेंगाळणे हे असते. अर्ध्या तासात होणारे अंगठीचे चित्र पाऊण तास घेऊ लागले, तर प्रथम तापमान पाहावे.

ते पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. विंडोज १० च्या मे २०२० च्या आवृत्तीपासून टास्क मॅनेजरमध्येच स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान दिसते. अधिक तपशील हवा असेल तर 'जीपीयू-झेड' किंवा 'एचडब्ल्यू-इन्फो' हे विनामूल्य प्रोग्राम आहेत. त्यांत 'हॉटस्पॉट' असा एक आकडा दिसतो. तो चिपवरील सर्वांत तप्त बिंदूचा. सर्वसाधारण तापमान आणि हा आकडा यांत दहा-पंधरा अंशांचे अंतर असणे स्वाभाविक. ते पंचवीस-तीसवर गेले, तर लेप सुकला आहे किंवा पट्टी नीट बसलेली नाही असे मानायला जागा आहे. बँकेत आम्ही एकूण थकबाकीपेक्षा सर्वांत मोठ्या थकबाकीदाराकडे आधी पाहत असू. तोच न्याय येथे लावावा.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. पंखा कार्डाला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. तो फक्त खोली आणि कार्ड यांतील अंतर कमी करतो. समजा, एखादे कार्ड पूर्ण भारावर खोलीपेक्षा ४५ अंशांनी अधिक तापते. जानेवारीत नाशिकच्या २५ अंशांच्या खोलीत ते ७० वर राहील. तेच कार्ड मे महिन्यात जळगाव-अकोल्याकडे ४० अंशांच्या खोलीत ८५ वर जाईल. कार्डात काहीही बिघडलेले नाही. बिघडला आहे तो ऋतू. परदेशी परीक्षणांत दिलेले तापमान वाचून आपल्याकडे कार्ड विकत घेणाऱ्यांनी हा फरक मनात धरावा. तेथील प्रयोगशाळेची हवा बहुधा वीस-बावीस अंशांची असते.

तापाने नुकसान होते ते दोन तऱ्हांनी. सतत अधिक तापमानात कार्डावरील सुटे भाग लवकर म्हातारे होतात. विद्युत-कपॅसिटरच्या बाबतीत तर अभियंते असा ठोकताळा सांगतात की दर दहा अंशांनी आयुष्य निम्मे होते. दुसरी तऱ्हा अधिक कपटी आहे. तापणे आणि निवणे यांच्या फेऱ्यांत चिपखालील सूक्ष्म डाख प्रसरण-आकुंचन पावत राहतात आणि अखेर तडकतात. याची किंमत काय होते, ते वर्तमानपत्रांतून नव्हे तर कंपन्यांच्या हिशेबांतून कळते. जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स ३६०' या खेळाच्या यंत्रातील बिघाडांपोटी एक अब्ज डॉलरहून अधिक रक्कम खर्ची टाकली आणि हमी तीन वर्षांपर्यंत वाढवली. त्या यंत्रावर उमटणारे लाल वलय म्हणजे अशाच तडकलेल्या डाखांची खूण होती. पुढच्याच वर्षी, जुलै २००८ मध्ये, एनव्हिडियाने लॅपटॉपमधील सदोष चिपांसाठी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. वार्षिक ताळेबंद वाचण्याची मला जुनी सवय आहे. परंतु टाचणीच्या टोकाहून लहान डाखासाठी एवढी तरतूद केलेली मी दुसरीकडे पाहिलेली नाही.

पंख्याकडे वळू. पंखा जितक्या फेऱ्या अधिक घेईल, तितकी हवा अधिक. हे प्रमाण सरळ आहे. परंतु त्यासाठी लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फेऱ्या दुप्पट केल्या तर हवा दुप्पट मिळते, शक्ती मात्र आठपट लागते, आणि आवाज साधारण पंधरा डेसिबलने वाढतो. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणजे शेवटच्या दोन-चार अंशांसाठी आपण आवाजाची फार मोठी किंमत मोजतो. व्याजावर व्याज चढावे तशी. एनव्हिडियाच्या २००३ च्या 'जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्रा' कार्डाचा पंखा इतका गर्जत असे, की लोक त्याला केस वाळवण्याच्या यंत्राची उपमा देऊ लागले. शेवटी कंपनीने स्वतःच त्यावर विनोदी चित्रफीत काढली. स्वतःच्या दोषावर हसणारी कंपनी विरळाच.

पंख्याची चाल ठरवणाऱ्या आलेखाला 'फॅन कर्व्ह' म्हणतात. 'एमएसआय आफ्टरबर्नर' हा विनामूल्य प्रोग्राम बहुतेक सर्व कंपन्यांच्या कार्डांवर चालतो आणि त्यात हा आलेख आपल्याला हवा तसा आखता येतो. माझी शिफारस साधी आहे. ५० अंशांपर्यंत पंखा तीस टक्क्यांवर, ६० ला पंचेचाळीस, ७० ला साठ, ८० ला ऐंशी आणि ८५ पासून पूर्ण. आलेखाची चढण सौम्य असावी. एकदम पायरी ठेवली की पंखा त्या पायरीवर वर-खाली नाचत राहतो आणि तो चढ-उतार सलग आवाजापेक्षा अधिक त्रास देतो. तेथेच 'हिस्टेरिसिस' नावाचा एक आकडा असतो. तो तीन ते पाच अंश ठेवला, तर तापमान तेवढे खाली आल्याशिवाय पंखा मंदावत नाही. आजकालची कित्येक कार्डे भार नसताना पंखे पूर्ण थांबवतात. पंखा फिरत नाही म्हणून ग्राहक घाबरून दुकान गाठतात, पण तो बिघाड नव्हे. ५०-६० अंशांच्या पुढे पंखा न फिरल्यास मात्र चिंता करावी.

आणखी एक दक्षता. कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे त्याला चालवणारा प्रोग्राम, नवा घातल्यावर पंखा फिरतो की नाही हे एकदा डोळ्यांनी पाहावे. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला आपला १९६.७५ क्रमांकाचा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला होता, कारण त्यामुळे काही कार्डांच्या पंख्यांचे नियंत्रण बिघडून ती तापत होती.

ताप कमी करण्याचा उत्तम उपाय मात्र पंख्यात नाही. तो उष्णता मुळातच कमी निर्माण करण्यात आहे. पडदा सेकंदाला साठच चित्रे दाखवू शकत असेल, तर कार्डाने दोनशे चित्रे काढून उपयोग काय? २०१० मध्ये 'स्टारक्राफ्ट २' हा खेळ आला, तेव्हा त्यातील साध्या, जवळजवळ स्थिर पडद्यांवर कार्डे अधिक तापू लागली. काम हलके असल्यामुळे कार्ड विनाकारण शेकडो चित्रे काढत बसे. चित्रांच्या गतीला मर्यादा घाला, असा सल्ला खेळाच्या कंपनीनेच दिला. नातवाला खेळ बंद कर म्हणण्यापेक्षा खेळाच्या सेटिंगमध्ये साठची मर्यादा घालायला सांगणे घरातील शांततेच्या दृष्टीनेही बरे. दुसरा मार्ग 'पॉवर लिमिट'चा. त्याच आफ्टरबर्नरमध्ये कार्डाची विजेची मर्यादा शंभरावरून ऐंशी टक्क्यांवर आणली, तर वेग बहुधा काही टक्केच घटतो आणि ताप मात्र जाणवेल इतका उतरतो. शेवटच्या थोड्या वेगासाठी कंपन्या कार्डाला फार वीज पाजतात. स्पर्धेच्या बाजारात ते क्षम्य असेल. आपल्या पेढीवर त्याची गरज नाही.

माझा भाचा दागिन्यांचे डिझाइन करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याचा दूरध्वनी आला. "मामा, कार्ड जळलं बहुतेक. चित्र अर्ध्यावर आलं की पीसी बंद. दुकानदार म्हणतो नवीन घ्या, पन्नास हजार." मी त्याला म्हटले, "आधी आकडा सांग, मग पन्नास हजारांचं बोलू." त्याने तापमान पाहिले, ९० च्या वर. मी प्रत्यक्ष गेलो तेव्हा कारण डोळ्यांसमोरच होते. सुताराने टेबलाखाली कॅबिनेटसाठी सुबक कप्पा केला होता, सनमायका लावलेला, पुढे दार, मागे वायरपुरते भोक. संगणक आपलीच उष्ण हवा पुन्हा पुन्हा पोटात घेत होता. दार काढून टाकले आणि मागची फळी कापून घेतली. तेच काम पुन्हा लावले तेव्हा आकडा ७८ वर स्थिरावला. नंतर आतली धूळ काढल्यावर तो आणखी चार अंशांनी उतरला. भाच्याच्या पत्नीला दार गेल्याचे दुःख झाले, कारण खोलीची शोभा गेली. तिचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. म्हणून दाराच्या जागी वेताची जाळी बसवली.

असे कप्पे आपल्याकडे घरोघर आहेत. त्यांत काय होते ते हिशेबाने पाहा. संगणकाची उष्णता ३०० वॅट धरली आणि कॅबिनेटमधली हवा खोलीपेक्षा दहा अंशांहून अधिक तापू द्यायची नसेल, तर दर सेकंदाला सुमारे पंचवीस लीटर हवा आत येऊन बाहेर पडावी लागते. म्हणजे दर सेकंदाला पाण्याच्या एका मोठ्या जारहून अधिक. वायरच्या भोकातून ती कशी जाणार? कॅबिनेट निवडतानाही हेच पाहावे. पुढे काच आणि आत रंगीत दिवे असलेली कॅबिनेट दिसायला आकर्षक असतात, परंतु पुढून जाळी असलेले साधे कॅबिनेट कार्डाला अधिक मानवते. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, एवढे बहुतेकांना पुरते. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी अधिक असावी, म्हणजे फटींतून धूळ ओढली जात नाही. मात्र पुढच्या पंख्यांवर गाळणी हवी, आणि ती धुवायला हवी.

धूळ प्रत्येक व्यापाराची निराळी. कापड दुकानात आणि इचलकरंजीसारख्या मागांच्या गावी कापसाचे तंतू पात्यांमध्ये अडकून गादीसारखा थर बनतो. आडत दुकानात धान्याचा भुसा, सांगलीकडे हळदीची पूड. कोकणात दमट हवेने हीच धूळ चिकट होते, मग ती फुंकरीने हलत नाही. उदबत्तीची राखही मी पात्यांत पाहिली आहे. बँकेत नव्याने संगणक आले, त्या वर्षांत संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढून आत जावे लागे. आत वातानुकूलन असे आणि बाहेर काउंटरवर आम्ही घाम पुसत असू. तेव्हा आम्ही हसत होतो. पण त्या नियमामागे धुळीचेच कारण होते.

सफाई तीन महिन्यांतून एकदा तरी व्हावी. मागांच्या गावी महिन्याला. संगणक बंद करून प्लग काढावा. ब्लोअरने हवा मारताना कार्डाच्या पंख्याचे पाते बोटाने अडवून धरावे. हवेच्या झोताने पंखा मर्यादेपेक्षा वेगाने फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडते, आणि फिरणारी मोटर उलट वीज निर्माण करते. ओले फडके वापरू नये. थर्मल पेस्ट बदलण्यासाठी कार्ड उघडावे लागते. हमीचा काळ चालू असेल तर आधी अटी वाचाव्यात, कारण काही कंपन्या उघडलेल्या कार्डाची हमी नाकारतात. सफाई झाल्यावर विजेची जोडणी पुरती आत बसली आहे ना, तेही पाहावे. '४०९०' कार्डांच्या जोडण्या वितळण्याच्या तक्रारी २०२२ च्या अखेरीस आल्या, तेव्हा एनव्हिडियाने जगभरातील सुमारे पन्नास प्रकरणे तपासून जोडणी अर्धवट बसणे हे मुख्य कारण सांगितले. जोडणी वितळण्याइतकी उष्णता घरात निर्माण होणे ही आगीच्या दृष्टीने हलकी बाब नाही. कॅबिनेट पडद्याला किंवा कापडाच्या गठ्ठ्यांना टेकवून ठेवू नये.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा अन्यत्र जुनी कार्डे स्वस्तात मिळतात. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाची पद्धत बदलली आणि त्यासाठी रात्रंदिवस राबवलेली असंख्य कार्डे बाजारात आली. ती सारी टाकाऊ आहेत असे नव्हे. एकसारख्या तापमानात चाललेल्या चिपला तापण्या-निवण्याच्या फेऱ्या कमीच सोसाव्या लागतात. झिजलेले असतात ते पंखे, आणि सुकलेला असतो तो लेप. घेण्यापूर्वी विक्रेत्यासमोर अर्धा तास पूर्ण भारावर चालवून तापमान आणि हॉटस्पॉट पाहावेत, पंख्याचा घरघराट ऐकावा. विक्रेता एवढा वेळ द्यायला तयार नसेल, तर किंमत कितीही कमी असो, ती जास्तच आहे.

हमी संपलेल्या कार्डाचा केवळ पंखा गेला असेल तर तो सुटा मिळतो आणि बदलता येतो. नव्या कार्डाच्या तुलनेत हा खर्च अगदी किरकोळ. दुरुस्ती करणाऱ्याने आपण होऊन न सुचवल्यास स्पष्ट विचारावे. धंद्यातील संगणक असेल तर हिशेबातही फरक पडतो. पंख्याचा खर्च दुरुस्ती म्हणून साधारणतः त्याच वर्षी पूर्ण लिहिता येतो. नवे कार्ड संगणकाच्या मालमत्तेत धरले गेले, तर त्यावर प्राप्तिकराच्या नियमांप्रमाणे ४० टक्के घसारा मिळतो, आणि वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला असेल तर त्याच्या निम्मा. बिलावर १८ टक्के जीएसटी असतो. त्याचे पक्के बिल पेढीच्या नावे घ्यावे, म्हणजे हमीलाही तेच लागते आणि इनपुट क्रेडिटलाही.